टोमॅटोसाठीच हवीय माती

क्षेत्रफळात जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या देशात लोक माती विकत आणतात, आणि तीही लिटरवर. ऑन्टारिओत आल्यावर थंडीची सवय झाली, कराची झाली. मातीच्या लिटरची अजून व्हायचीय. नोव्हेंबर ते एप्रिल इथे जमीन आणि माणूस यांचा संबंध पाय घसरण्यापुरताच येतो. मग मे महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाची सुट्टी लागते. २५ तारखेच्या आधीचा सोमवार. त्याच्या आत रोप अंगणात काढलं तर रात्रीच्या गारठ्यानं जातं, असा इथला पिढीजात संकेत. त्या शनिवारी सकाळी गावातल्या यच्चयावत दुकानांपुढे मातीच्या पिशव्यांच्या भिंती उभ्या राहतात आणि एरवी कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढणारी माणसं ५० लिटर माती छातीशी कवटाळून पार्किंगमधून चालताना दिसतात.

लिटरचं कारण सरळ आहे. पिशवीतल्या मालाची ओल कमीजास्त होते, त्यामुळे वजनावर विकला तर विकणारा पाणी मारून विकेल. पालेभाजीवर पाणी शिंपडणाऱ्यांच्या मुलखातून आलेल्या मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पिशव्यांवरचा मजकूर हा स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. ‘प्रीमियम’ ही सगळ्यात खालची पायरी. तिच्यावर ‘प्रोफेशनल’, त्यावर ‘ऑरगॅनिक’, आणि सगळ्यांच्या वर ज्यांच्यावर काहीच न लिहिता फक्त बेडूक किंवा समुद्र छापलेला असतो त्या. कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट परगण्यातून येणाऱ्या दोन प्रसिद्ध मात्यांची नावं ‘हॅपी फ्रॉग’ आणि ‘ओशन फॉरेस्ट’ आहेत. आनंदी बेडूक आणि सागरी अरण्य. आपल्याकडे मातीची नावं काळी, तांबडी, मुरमाड आणि पोयट्याची. या नावांनी कुणाच्या खिशातून चाळीस डॉलर निघणार नाहीत.

नवीन आलेला मराठी माणूस या भिंतीसमोर थोडा वेळ उभा राहतो, मनातल्या मनात डॉलरचे रुपये करतो आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात काळी, सगळ्यात जड पिशवी उचलतो. तिच्यावर ‘टॉप सॉइल’ लिहिलेलं असतं. ती अंगणातले खड्डे बुजवायला असते. कुंडीत घातली की आठवड्याभरात तिचा गिलावा होतो आणि आईनं पदराखालून दिलेलं तुळशीचं बी त्या गिलाव्याखाली कायमचं विसावतं. जड पिशवी म्हणजे जास्त माल, हा आपला हिशेब तांदळाला लागू पडतो. कुंडीच्या मातीत हलकी पिशवी ही भारी.

हे मला कळलं ते एका अनपेक्षित वर्गाकडून.

१७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडात गांजा कायदेशीर झाला. उरुग्वेनंतर सबंध देशभर असं करणारा हा दुसरा देश. वय बसत असेल तर दुकानातून आणा, आणि घरी लावायची असतील तर चार झाडं लावा. माणशी चार नव्हेत, घरटी चार. घरात दोन माणसं असोत की आजोबा, काका, पुतणे धरून अकरा, झाडं चारच. एकत्र कुटुंबपद्धतीवर इतका उघड अन्याय करणारा दुसरा कायदा माझ्या पाहण्यात नाही.

झाडं चारच म्हटल्यावर त्यांचे लाड किती होणार! एकुलत्या एक मुलाच्या शाळाप्रवेशासाठी जेवढी चौकशी होते तेवढी इथे मातीची होऊ लागली. याआधीही हे लोक होतेच, पण चोरून. झाडं वाढवायचं सामान विकणाऱ्या दुकानांत तेव्हा एक अलिखित शिस्त होती: त्या झाडाचं नाव काढायचं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘टोमॅटोसाठी माती हवी.’ दुकानदार म्हणायचा, ‘टोमॅटोसाठी हा दिवा घ्या.’ हजार वॉटच्या दिव्याखाली, तळघरात, खिडक्यांना काळा कागद लावून टोमॅटो. कुणी चुकून खरं नाव घेतलं तर दुकानदार त्याला हात जोडून बाहेर काढायचा. उत्तर अमेरिकेतल्या तळघरांत त्या काळी जेवढे टोमॅटो पिकत होते म्हणे, त्यांचं सार केलं असतं तर पंचमहासरोवरांत एकाची भर पडली असती.

आता सगळं उघड झालं. त्याचा परिणाम असा की, ज्याला खरोखर टोमॅटो लावायचे आहेत त्याच्यावर आता कुणी विश्वास ठेवत नाही.

माझं टोमॅटोचं नव्हतं, कढीपत्त्याचं होतं. परदेशातल्या मराठी घराची प्रतिष्ठा आधी घरावर, मग गाडीवर आणि शेवटी दिवाणखान्यातल्या कढीपत्त्यावर ठरते. घर आणि गाडी बँक देते. कढीपत्ता कर्जाऊ मिळत नाही. हिवाळ्यात तो आत घ्यावा लागतो, आत हवा कोरडी, ऊन बेताचं, आणि दर जानेवारीत तो एकेक पान टाकत संन्यास घेतो. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात बायका एकमेकींना पगार विचारत नाहीत, पण ‘तुमचा जगला का हो?’ हा प्रश्न ऐकू आला तर तो कढीपत्त्याबद्दल असतो. अशाच एका जगलेल्या कढीपत्त्याच्या मालकिणीनं बायकोच्या कानात सांगितलं की माती गांजावाल्यांच्या दुकानातून आणायची.

दुकानात एक मुलगा होता. केस मानेपर्यंत, हातावर पाच बोटांचं पान गोंदलेलं. मी म्हणालो, कढीपत्त्यासाठी माती हवीय. त्यानं ‘करी लीफ’ हे शब्द हसत हसत स्वतःशी घोळवले.

‘नवीन नाव आहे,’ तो म्हणाला. ‘किती झाडं?’

‘एकच.’

‘चार लावता येतात.’ त्याच्या आवाजात कणव होती.

‘एक पुरतं. फोडणीपुरतं.’

फोडणी म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. तेल तापवायचं, त्यात पानं टाकायची. त्याचा चेहरा उजळला. ‘म्हणजे ओढत नाही, खाता! तेलात किती वेळ ठेवता?’

‘तडतडेपर्यंत.’

‘तेवढ्यात उतरतं? आम्ही मंद आचेवर दोन-तीन तास ठेवतो.’

‘माझी आई तर मोहरी फुटली की लगेच वरण ओतते.’

‘तुमची आई!’ तो म्हणाला, आणि काउंटरच्या मागून बाहेर येऊन त्यानं स्वतःच्या हातानं एक गासडी माझ्या गाडीत ठेवली.

ती गासडी क्वेबेकमधल्या रिव्हियेर-द्यु-लू या गावच्या कंपनीची, ‘प्रो-मिक्स’ नावाची. गांजावाल्यांच्या जगात ती सभ्य, मध्यमवर्गीय निवड समजली जाते: बेडूक नाही, समुद्र नाही, काम चोख. ३.८ घनफुटांची दाबून बांधलेली ही गासडी फोडून मोकळी केली की जवळजवळ दुप्पट होते. इथे एक गंमत सांगायलाच हवी. क्वेबेक प्रांतात घरी गांजाचं झाड लावायला मनाई आहे. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये मनाई कायम राहिली. म्हणजे गांजावाल्यांची ही माती ज्या प्रांतातून निघते, तिथल्या माणसानं मात्र तिच्यात झेंडूच लावायचा.

आणि माती तरी कसली? जून महिन्यात आमचे मामा, म्हणजे सासरे, सांगलीहून आले. निवृत्त तालुका कृषी अधिकारी. विमानतळावरून घरी आल्यावर चहाच्या आधी त्यांनी गॅरेजमधली गासडी पाहिली, नाकावर चष्मा चढवला, लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं, उलटं करून वाचलं आणि म्हणाले, ‘पाव्हणं, ह्यात माती कुठाय?’

नव्हतीच. मातीच्या पिशवीत माती नसते, ही या धंद्यातली सर्वमान्य गोष्ट आहे. पूर्वी असायची. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात जॉन इनेस संस्थेत कुंडीच्या मातीचं पहिलं पक्कं प्रमाण ठरलं: ७ भाग पोयटा, ३ भाग पीट, २ भाग वाळू. पोयटा वाफेवर निर्जंतुक केलेला. अजून ते मिश्रण जॉन इनेसच्या नावानं विकलं जातं. बिचारा इनेस १९०४ मध्येच वारलेला, जमीनजुमल्यातला व्यापारी माणूस. आपल्या नावावर पुढे कुंड्या भरल्या जाणार आहेत याची त्याला कल्पना नव्हती. पण चांगला पोयटा दरवेळी सारखा मिळेना आणि भरलेल्या कुंड्या उचलता उचलता रोपवाटिकावाल्यांच्या कमरा गेल्या. मग १९६० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी माती काढूनच टाकली. पीट घ्या, त्यात पर्लाइट किंवा वर्मिक्युलाइट घाला, चुना आणि खत टाका, संपलं. आजची जवळपास प्रत्येक पिशवी त्या कृतीची नात किंवा पणती आहे.

पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचलेलं, न कुजलेलं शेवाळ. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साचतं. मीटरभर खोलीवरचं शेवाळ ज्ञानेश्वरी लिहून व्हायच्या आधीचं असणार, आणि आम्ही त्यात पुदिना लावतो. ते आंबट असतं, सामू चारच्या आसपास, म्हणून चुना घालावा लागतो. दुसरा त्याचा दोष मानी स्वभावाचा. एकदा पूर्ण सुकलं की पाणी आत घेत नाही. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेनं सरळ खाली बशीत. मालक बशी पाहून समाधानानं म्हणतो, पोटभर प्यालं. झाड मधोमध तहानेनं मरतं. म्हणून पिशवीत ओल धरवणारं काहीतरी घातलेलं असतं, आणि तरीही माल आधी कोमट पाण्यानं भिजवून मगच कुंडीत भरावा.

पांढरे दाणे दिसतात ते थर्माकोलचे नाहीत. ते पर्लाइट. ज्वालामुखीच्या काचेत अडकलेलं पाणी असतं. ती काच सुमारे ९०० अंशांवर तापवली की पाण्याची वाफ होऊन खडा ज्वारीच्या लाहीसारखा फुटतो आणि चार ते वीस पट फुगतो. झाडाला त्यातून अन्न काहीच मिळत नाही. तो फक्त जागा अडवतो, म्हणजे मुळांना हवा मिळते. नुसती जागा अडवून इतकं उपयोगी ठरलेलं दुसरं कुणी मला माहीत नाही, आणि मी सरकारी कचेऱ्यांत बऱ्यापैकी वेळ घालवलेला आहे.

पीटऐवजी कोकोपीट घ्या असं म्हणणाराही एक पंथ आहे. हा पंथ आपल्या फायद्याचा, कारण तो माल पोल्लाचीपासून श्रीलंकेपर्यंतच्या नारळाच्या सोडणांतून निघतो. पाच किलोची वीट बादलीत टाकली की फुगत फुगत बादलीबाहेर येते. मात्र सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर मीठ राहतं. नीट धुतलेलीच घ्यावी. मामांनी वीट हातात घेऊन किंमत विचारली. सांगितल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कोकणातल्या लोकांना कळवायला पाहिजे. ते सोडणं बंबात घालतात.’

खरा पेच मामींनी उभा केला. कढीपत्त्याचं काही असो, तुळस लावायची होती. गासडी संपलेली, मी त्या मुलाच्या शिफारशीवरून एक बेडूक-समुद्र गटातली पिशवी आणून ठेवली होती. मामींनी नातीकडून घटक वाचून घेतले. नात वाचत गेली: मासळीची भुकटी, खेकड्याचं पीठ, वटवाघळाची विष्ठा, हाडांचा चुरा, पिसांची पूड. मामी देवघरातून उठून आल्या. त्या दिवशी नेमकी एकादशी होती.

‘ह्याच्यात तुळस लावायची?’

मी मालवणी मित्राला फोन करून धीर घ्यायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, ‘यादी चांगली आहे, कोकम आणि तिरफळ घाल.’

मामांनी शास्त्रीय बाजू मांडली की झाड खेकडा खात नाही. जिवाणू खेकडा खातात, आणि झाडापर्यंत जातं ते निव्वळ नत्र, स्फुरद आणि पालाश; नत्राला शाकाहारी-मांसाहारी असं काही नसतं. मामी म्हणाल्या, हे तुम्ही देवाला सांगा. शेवटी तुळशीसाठी वेगळी साधी पिशवी आली: पीट, पर्लाइट, झाडपाल्याचं कंपोस्ट, आणि वर निंबोळी पेंड. ही पेंड गांजावाल्यांच्याच कपाटात मिळाली, सुबक डब्यात, पाठीवर सूर्यास्ताचं चित्र. आमच्याकडे ती पोत्यावर येते आणि पोत्यावर कुणाचंच चित्र नसतं.

शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात. त्यांची चार झाडं कुंपणाला लागून, रांगेत, मोठ्या कापडी कुंड्यांत. मामांनी ती पहिल्या सकाळीच ओळखली आणि चालत घरात येऊन पडदा लावला. सांगली जिल्ह्यात उसाच्या फडात किंवा मक्यात लपवलेलं पीक सापडलं की पंच, पोलीस, तलाठी, वजनकाटा असा लवाजमा निघतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मामांनी असे पंचनामे जवळून पाहिलेले. १९८५ च्या कायद्यात लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हे त्यांना कलमासकट पाठ. ‘आणि हे गृहस्थ,’ पडद्याच्या फटीतून बघत ते म्हणाले, ‘झाडाशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायला लागलेत.’

चार दिवस ते कुंपणाकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी अधिकारी जागा झाला. ‘पाव्हणं, त्यांच्या पानांची टोकं करपलीत. खतानं. आणि खालची पानं पिवळी, ती पाण्यानं. माणूस वाया घालवणार पीक.’

मी दुभाषा म्हणून गेलो. शेजाऱ्यांनी महागातली पिशवी घेतली होती, जिच्यात आधीच सगळं भरलेलं असतं. तिच्यावर त्यांनी वटवाघूळ घातलं, गांडूळखत घातलं, ४-४-४ वालं खत घातलं, आणि दर रविवारी एका बाटलीतून काळा पाक पाण्यात कालवून. मामांनी बाटली हुंगली.

‘ही मळी हाय की ओ!’

मळीच होती. जिवाणूंना साखर मिळावी म्हणून गांजावाले ती घालतात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात आयुष्य काढलेल्या माणसाला, मळीची पाऊण लिटरची बाटली शेल्फवर विकते, हे कळलं तेव्हा सहकार चळवळीनं नेमकं काय गमावलं याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसला.

मग त्यांनी इलाज सांगितला. आधी दोनदा साधं पाणी भरपूर ओतून क्षार खाली काढा. मग पाणी तोडा. रोज झारी घेऊन उभं राहायचं नाही. कुंडी उचलून बघायची. जड लागली तर गप घरात जायचं, हलकी लागली तर पाणी. ‘आमच्या कृष्णाकाठच्या जमिनी अशाच गेल्या,’ त्यांनी मला भाषांतर करायला लावलं. ‘पाणी फुकटात मिळालं, लोकांनी दिलं, दिलं, दिलं, आणि जमीन क्षारपड झाली.’ शेजाऱ्यांनी विचारलं, मूठभर मातीवरून कळतं का? मामांनी ओलसर मिश्रणाची मूठ आवळली, बोटांतून थेंबभर पाणी आलं, मूठ उघडली, गोळा राहिला, अंगठा लावला, फुटला. ‘हा वाफसा,’ ते म्हणाले. ‘मुळाला पाणी पण पाहिजे आणि श्वास पण.’ शेजाऱ्यांनी ‘वाफसा’ तीनदा म्हणून पाहिलं आणि मग आत जाऊन चिठ्ठीवर लिहून ठेवलं.

दोन आठवड्यांत नवी पानं हिरवीगार आली आणि शेजारी मामांना ‘डॉक्टर’ म्हणू लागले.

त्यांना ठाऊक नव्हतं, पण ही पदवी जुनीच आहे. ब्रिटिश सरकारनं १८९३-९४ मध्ये या पिकाच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. तेव्हा बंगालातल्या नौगाव भागात आणि आपल्याला लागून असलेल्या खांडव्याकडे सरकारी परवान्यानं गांजाची शेती व्हायची. या झाडात पपईसारखी नर-मादी वेगवेगळी असतात, आणि नर राहिला की मादीला बी धरतं, माल हलका होतो. म्हणून शेतकरी हंगामात एक जाणकार बोलवायचे. तो रांगांतून चालत नुसत्या नजरेनं नर ओळखायचा आणि उपटून टाकायचा. बंगालात त्याला पोद्दार म्हणत. साहेब लोक म्हणत गांजा-डॉक्टर. हे मी मामांना सांगितलं. मामी म्हणाल्या, ‘शेती खात्यात एवढी वर्षं काढली तेव्हा कुणी डॉक्टर म्हटलं नाही.’

आणि ज्या झाडासाठी हा सगळा सोहळा, त्याचं मूळचं राहणीमान काय? कुलूच्या बाजूला किंवा कुमाऊंत जा: रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगावर ते पुरुषभर वाढलेलं दिसतं. १७८५ साली लामार्क या फ्रेंच पंडितानं भारतातून आलेल्या नमुन्यांवरून त्याला ‘इंडिका’ नाव दिलं, तेव्हाही त्याचा सामू कुणी मोजत नव्हतं. गाईनं आपलं काम केलं, पावसानं त्याचं केलं, झालं. तेच झाड टोरोंटोजवळ आलं की त्याला क्वेबेकचं हजार वर्षांपूर्वीचं शेवाळ, ज्वालामुखीची काच, पॅसिफिकचा खेकडा आणि सांगलीच्या वळणाची मळी लागते. परदेशी आलेल्याला घरी चालायचं ते इथे चालेनासं होतं, त्यातलाच प्रकार. आम्हीही इकडे येऊन पाणी गाळून, उकळून, परत गाळून पितो.

तरी हे लोक पूर्ण वेडे नाहीत. शेणाच्या ढिगात खोलवर जाणाऱ्या मुळांना जे सहज मिळतं ते २० लिटरच्या कुंडीत मुद्दाम द्यावं लागतं, आणि त्यात पहिला नंबर हवेचा. म्हणून पिशवी निवडताना चित्र पाहू नये, ती उचलून पाहावी. फुलासारखी हलकी नको, पण आकारमानाच्या मानानं हलकी हवी. टचटचीत जड असेल तर बाहेर पावसात भिजलेली आहे, आणि भिजलेल्या पिशवीबरोबर घरात चिलटं येतात. ती पुढे दोन महिने तुमच्याबरोबर चहा पितात. बाहेरून दाबून सोडली की पिशवी पुन्हा फुगली पाहिजे. वास पावसाळी रानाचा हवा. आंबूस किंवा अमोनियाचा आला तर कंपोस्ट कच्चं. सहा महिने पुरणारं खत घातलंय अशी जाहिरात असलेली पिशवी तर नकोच. सहा महिने नत्र मिळत राहिलं की झाड फुलोऱ्यात यायच्या वेळीही पानंच काढत बसतं. कोवळ्या रोपाला मसालेदार, सगळं भरलेली माती देऊ नये, मुळं भाजतात. साधी द्यावी आणि खत पुढे भुकेप्रमाणे. पिशवीत उपकारक बुरशी जिवंत आहे असा दावा असेल तर तारीख पाहावी. दोन हिवाळे गोदामात काढलेल्या बुरशीबद्दल मला आदर आहे, पण विश्वास नाही.

थोडक्यात, मामांचं मत पडलं की सगळ्यात चांगली पिशवी सगळ्यात कंटाळवाणी असते. शेजाऱ्यांना हे पटलं. दुकानातल्या मुलाला पटलं नाही; त्याला कमिशन बेडकावर जास्त.

सप्टेंबरात गौरी-गणपतीला मामा-मामी परत गेले आणि नेमका फुलोरा आला. वास इतका की रस्त्यापलीकडच्या नव्या गुजराती कुटुंबानं स्कंक मेला समजून नगरपालिकेला फोन केला. या देशात नव्या माणसाला पहिलं वर्ष स्कंक कोणता आणि शेजारी कोणता हे ओळखण्यातच जातं. मामांचा दर रविवारी व्हिडिओ कॉल. मी फोन कुंपणावरून धरायचो. शेजारी एकेक फांदी दाखवायचे. मामा तिकडून ‘बुरशी बघा, आत हवा खेळू द्या, दोन पानं खुडा’ असं सांगायचे. एकदा मध्येच आवाज बदलून म्हणाले, ‘झेंडू चांगला आलाय तुमच्या शेजाऱ्यांचा.’ मला कळेना. मग पडद्याच्या कोपऱ्यात चहाचा कप घेतलेले पाहुणे दिसले. निवृत्त फौजदार.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी थँक्सगिव्हिंग, तेव्हा कापणी झाली. कायद्यानं शेजाऱ्यांना आपला माल विकता येत नाही, ३० ग्रॅमपर्यंत दुसऱ्या प्रौढाला देता येतो. ते द्यायला आले, मी नमस्कार करून परत पाठवले. मातीवर मात्र कायद्यानं मर्यादा घातलेली नाही. चारही कुंड्यांची वापरलेली माती त्यांनी ढकलगाडीतून आमच्याकडे आणून ओतली. मुळं चाळून काढली, थोडं ताजं कंपोस्ट आणि पर्लाइट मिसळलं, आणि तिच्यात लावलेली मेथी बायकोनं मंडळाच्या दिवाळी फराळात ठेपल्यांना वापरली. माती कुठली ते तिनं विचारणाऱ्या प्रत्येकीला खरं सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही आणि ठेपले उरले नाहीत.

आता पुढच्या उन्हाळ्याची तयारी चाललीय. मामांच्या व्हिसासाठी इथल्या कुणीतरी निमंत्रणाचं पत्र द्यावं लागतं. शेजारी हटून बसलेत की या वर्षी पत्र ते लिहिणार. तीस वर्षं सरकारी बस चालवलीय, त्यांच्या सहीला वजन आहे. मसुदा त्यांनी दाखवायला आणला. भेटीचं कारण या रकान्यापुढे त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘वाफसा’. मी तो मामांना फोनवर वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ शांतता. मागून मामींचा आवाज आला, ‘काय म्हणतात?’

‘कृषी सल्लागार लिहा म्हणावं,’ मामा म्हणाले. ‘आणि पाव्हणं, पिकाच्या नावाचा रकाना असला तर तेवढा कोरा ठेवा.’